न रडलेलं लेकरू

काचेची एक म्हातारी सिरिंज आहे मी, मित्रांनो. नाक मुरडू नका. कवठे महांकाळच्या एका छोट्या दवाखान्यात रोज उकळत्या पाण्यात न्हाऊन मी कामाला लागत असे. तेव्हा, म्हणजे १९९६ साली, तान्ह्या बाळांना दुखणं कळतच नाही, असं म्हणणारे शहाणे पुष्कळ होते. मला त्यांचा भारी संताप येई.

भूल देणाऱ्या डॉक्टर नीलिमाताईंना ते पटत नसे. बाळ झोपलं की त्या माझ्यातून माकडहाडापाशी बधिर करणारं औषध सोडत. मग ऑपरेशननंतरही काही तास दुखत नसे. आठ महिन्यांच्या कपिलचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. गुण जास्त वेळ टिकावा म्हणून त्या दिवशी त्यांनी औषधात थोडं स्टेरॉइड मिसळलं. कपिल शांत पडून राहिला. "आज हा रडायचा नाही," ताई मला पुसत म्हणाल्या. मी खूश झाले.

पण पाय थोडा वेळ लुळे राहतील, हे त्याच्या आजीला सांगायचं राहून गेलं. चंद्राबाईंनी नातवाच्या पायाला चिमटा काढून पाहिला. पाय हलला नाही, पोर रडलंही नाही. "माझ्या लेकराचं पाय गेलं गं बया," म्हणत त्यांनी त्याला पदराखाली घेतलं आणि कुणाला न विचारता एस.टी. गाठली. व्हरांड्यातल्या बायकांनी ते सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सहा महिन्यांच्या आसियाचं तेच ऑपरेशन होतं. तिची आई फरीदा आदल्या दिवशी व्हरांड्यातच होती. ती ताईंना म्हणाली, "आवं डाक्टरीणबाई, ती कंबरंची सुई नगं. पांगळी झाली तर कोण बघंल तिला?"

ताईंनी परोपरीनं समजावलं.

"मग कालचं लेकरू दावा की मला."

दाखवायला कपिल होता कुठे? ती सुई न देताच ऑपरेशन झालं, मी ट्रेमध्ये तशीच पडून राहिले.

आसिया शुद्धीवर आली ती रडतच. दुखणं थांबावं म्हणून पाजलेलं औषध तिनं ओकून टाकलं. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बसला, मग नुसतंच तोंड उघडायची. फरीदा तिला घेऊन फेऱ्या घालत होती. मला ते बघवेना.

टाके काढायला दोन्ही बाळं एकाच दिवशी आली. कपिलनं लाथ मारून कापसाची वाटी उडवली.

"त्या दिशी गाडीतच पाय झाडाय लागला. लय द्वाड हाय," चंद्राबाई हसून म्हणाल्या.

"ह्यालाच दिलती न्हवं ती सुई?" फरीदानं विचारलं.

"व्हय."

"मग येऊन सांगायचं न्हाई व्हय, मावशी?"

चंद्राबाईंनी मान खाली घातली. ताईंनीही.

मित्रांनो, आता प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या. मी कपाटात धूळ खाते, त्याचं काही नाही. पण बाळाला सुई टोचाल तेव्हा पुढं काय होईल ते त्याच्या माणसांना सांगा, आणि बाळ बरं झालं तर तेही परत येऊन सांगा. टाके काढताना आसिया पुन्हा रडली. आवाज अजून फुटत नव्हता.