शनिवारचा आकडा

क्रेनवाल्याच्या रक्तदाबाची साइटवर मोठी वाहवा होती. दर शनिवारी सकाळी मशीनच्या पडद्याचा फोटो तो सुपरवायझरला पाठवी: वर एकशेवीस, खाली अठ्ठ्याहत्तर. पन्नाशी उलटल्यावर असा आकडा म्हणजे पुण्याईच. फक्त ती पुण्याई बायकोची होती, कारण पट्टा तिच्या दंडाला बांधलेला असे.

तीन महिन्यांपूर्वी कंपनीच्या तपासणीत त्याचा दाब चढलेला सापडला होता. गोळी रोज घ्या, मीठ कमी करा, दर शनिवारी आकडा पाठवा, आणि वरचा आकडा दीडशेपुढे गेला तर क्रेन सोडून गोदामात बसा, असं सुपरवायझरने बजावलं. वीस वर्षं जगाकडे वरून बघितलेल्या माणसाला गोदाम कसं मानवणार? त्याने मनोभावे पथ्य आरंभलं. गोळी डोकं दुखेल त्या दिवशी. व्यायामाला क्रेनची शिडी होतीच. मीठ साफ सोडलं, म्हणजे घरातलं. कॅन्टीनमध्ये ते पुन्हा धरलं. आणि खारे दाणे चघळत तो इतरांना मिठाचे तोटे इतक्या रसाळपणे सांगे, की सगळे त्याला वैद्यबुवा म्हणू लागले.

हा खोटेपणा आहे, असं बायको पहिल्या शनिवारी म्हणाली होती. त्याने समजूत घातली: नवरा-बायको काय वेगळे असतात? तेव्हापासून ती मुकाट हात पुढे करी.

या शनिवारी पडद्यावर एकशे बहात्तर उमटले.

त्याने मशीनला दोष दिला. सेल बदलले. तिचा दुसरा हात घेतला. एकशे सत्तर. मशीन बिघडलंय हे सिद्ध करायला शेजारच्या वहिनींना बोलावून बसवलं. एकशे अठरा. मशीन उत्तम होतं.

वहिनी गेल्या. पडद्यावर एकशे अठरा अजून दिसत होते. त्याचा हात आपसूक फोनकडे गेला.

"काढा ना फोटो," बायको म्हणाली. "पुढच्या शनिवारपासून वहिनींनाच बोलावत जा."

तो फोन हातात धरून बसला. मग त्याने हळूच विचारलं, "तुला काही होतंय का गं?"

"आठवडा झाला, डोकं ठणकतंय. म्हटलं, घरात एक पेशंट पुरे."

त्याने फोटो काढला नाही. सुपरवायझरला फोन लावला आणि सगळे आकडे कुणाचे होते ते एका दमात सांगून टाकलं.  पलीकडून सोमवारपासून गोदामात यायचं, असा हुकूम झाला, आणि वर एक साधा प्रश्न: मग तुमचा स्वतःचा आकडा किती? वैद्यबुवांना तेवढंच सांगता येईना.

दवाखान्यात नर्सने पेशंट कोण म्हणून विचारलं. त्याने बायकोकडे बोट केलं, बायकोने त्याच्याकडे. अशी जोडपी नर्सने पुष्कळ पाहिली असावीत. तिने दोघांनाही बाह्या वर करायला सांगितल्या.