काझीबुवांचा करिअर ब्रेक

नेदरलँड्समधल्या आमच्या आइंडहोवनच्या मराठी मंडळाच्या फॉर्मवर वक्त्याच्या नावाखाली कंपनी आणि हुद्दा लिहावाच लागतो. माझ्याकडे दोन्ही नाही. मी इथे शेजारच्या फेल्डहोवनला आले ती यतीनची बायको म्हणून. त्यामुळे काझी बुरहान या सूफीवरचं व्याख्यान आठ महिने वाचून, टिपणं काढून लिहिलं मी, आणि फॉर्मवर नाव गेलं यतीनचं, सीनियर आर्किटेक्ट.

"नाव कुणाचंही असो गं, घरातलंच आहे," तो म्हणाला. आणि मी शहाणी, बरं म्हणाले.

सहाशे वर्षांपूर्वीचा दख्खनचा हा विद्वान, तीन शहरांचा न्यायाधीश. सुलतानाच्या मेहुण्याविरुद्धचा निकाल फिरवायला सांगितला, तेव्हा त्यानं शिक्का परत केला आणि फकिरी पत्करली. यतीननं या प्रसंगाला मथळा दिला 'स्टेकहोल्डर मॅनेजमेंट'. सूफी साधनेचं झालं 'माइंडफुलनेस'. माझी चाळीस पानं बारा स्लाइडमध्ये कोंबली. त्यात अल्लाचं नाव कुठेच नव्हतं, माझंही नव्हतं.

व्याख्यान संपलं. पुण्याहून लेकीकडे आलेल्या लीलावतीकाकूंनी विचारलं, "पद सोडल्यावर त्यांनी काय केलं हो पुढे?"

यतीननं माझ्याकडे पाहिलं. घरात चहाची पावडर सापडली नाही की तो असाच पाहतो. मी मुद्दाम खिडकीकडे बघत राहिले.

"त्यांनी करिअर ब्रेक घेतला," तो म्हणाला. लोकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या.

माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले. "ब्रेक कसला? वीस वर्षं ते मशिदीच्या दारात लोकांची पायताणं सांभाळत बसले. कालपर्यंत सलाम ठोकणारे ओळख देईनासे झाले. विद्वत्ता तीच होती, फक्त हुद्दा नव्हता. त्यांचे सगळे ग्रंथ तिथेच बसून लिहिलेले आहेत."

पुढची पंधरा मिनिटं मीच बोलले, एकही स्लाइड न लावता.

टाळ्या झाल्या. सेक्रेटरी अभिजितनं आभार मानले, "यतीनसरांचे, आणि भक्कम सपोर्टबद्दल नीलांबरीवहिनींचे!"

मी माइक मागून घेतला. "सपोर्ट यतीनचा होता. व्याख्यान माझं आहे, शब्द न् शब्द."

माइक परत देताना बरं वाटत होतं.

घरी जाताना यतीन बराच वेळ सायकल पुढे दामटत राहिला. सिग्नलला थांबावंच लागलं, तेव्हा म्हणाला, "घरी बोलली असतीस. चारचौघांत कशाला?"

"श्रेय घेतलंस तेही चारचौघांतच ना?"