उद्घाटनाआधीची पिशवी

रक्तदान शिबिराचं उद्घाटन झालं, फीत कापली गेली, टाळ्याही पडल्या. यातलं काहीच घडलं नाही, असं मंडळाने नंतर ठरवलं. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर उद्घाटन व्हायचं होतं. औरंगपुऱ्यातल्या मांडवाच्या तोंडाशी लाल फीत ताणलेली होती. फितीच्या आत खाटा, सुया, रिकाम्या पिशव्या आणि रक्तपेढीच्या मंजुषा मॅडम. बाहेर अंगद, हातात माईक; आणि शेजारी त्याचा बाप बिरू, सकाळपासून बाही दंडापर्यंत सारून उभा.

अंगदची बायको ज्ञानेश्वरी काल बाळंत झाली, आणि रक्त थांबेना. गट ओ निगेटिव्ह, शहरात कुठेच शिल्लक नाही. संध्याकाळच्या आत पिशवी आणा, म्हणाले डॉक्टर. घरात तो गट निघाला एकट्या सासऱ्याचा. गंगापूरकडची मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून बिरू मिळेल त्या जीपने आला, तर पेढीची सगळी माणसं शिबिरात. अंगद सूत्रसंचालक, आजच्या शिबिराची सुपारी त्याने महिन्यापूर्वीच घेतली होती. दिसताक्षणी कुणीतरी त्याच्या हातात माईक दिला.

"मॅडम, आबा फितीखालून वाकून येतील. घ्या ना रक्त."

"मी घेते हो. पण पाहुण्यांच्या आधी सुई टोचली तर मंडळ पुढचं शिबिर दुसऱ्या पेढीला देणार. आणि तपासायलाच तीन तास लागतात."

हे सांगताना त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या.

पाहुणे म्हणजे माननीय सर्जेराव. अध्यक्ष ऋतुराज त्यांच्यासाठी चौकात हार धरून उभा होता आणि दर फोनला "निघालेत" म्हणत होता. कुठून, ते सांगत नव्हता.

अंगद माईकवर वेळ काढत राहिला. माननीय म्हणणं हा त्याचा धंदाच. नाल्यावर दुकान बांधणाऱ्याला त्याने माननीय म्हटलं होतं. जामिनावर सुटून आलेल्या एकाला तर दोनदा.

फोन वाजला. मेहुणी निशा होती.

"दाजी, ताईचे पाय गार पडायलेत."

अंगदने फोन खिशात टाकला आणि माईक ओठांशी नेला.

"ज्यांची आपण सारे आतुरतेने वाट पाहत होतो, ते आजचे उद्घाटक, माननीय बिरूआबा यांचं मांडवात आगमन झालेलं आहे."

माननीयच्या पुढचं नाव कुणी ऐकत नाही. कार्यकर्ते उठले. कुणी हार घातला, कुणी कात्रीचं ताट पुढे केलं, एकाने तर पायही धरले.

बिरू पोराकडे बघत राहिला.

"अंगद्या, मला कामून म्हणायला तसं?"

"कापा, आबा."

"माझ्यापायी खोटं बोललास व्हय?"

अंगदने माईक बंद असल्याची खात्री केली.

"नाय. आजवर लई बोललो. आज नाय."

बिरूने वहाणा काढल्या. लोकर कातरताना मेंढीचं कातडं जपतात, तशी फीत बोटावर घेतली आणि कापली. टाळ्या पडल्या. तो सरळ पहिल्या खाटेवर जाऊन आडवा झाला.

"पाहुणे, मूठ आवळा," मंजुषा मॅडम म्हणाल्या. पिशवी भरली तशी त्यांनी ती स्वतःच्या स्कूटरवर तपासणीला पाठवली.

सर्जेराव उन्हं कलल्यावर आले. ऋतुराजने फितीला गाठ मारून ती पुन्हा ताणली, माननीयांनी गाठीच्या शेजारी कापली, आणि आधीचं उद्घाटन मांडवातच रद्द झालं. आता फोटो हवा होता: माननीयांच्या हातात शिबिराची पहिली पिशवी. मांडवात मिळाली ती दुसरी.

"दुसरी धरून काय फोटो काढता," सर्जेराव म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

दवाखान्यात तेव्हा अर्धी पिशवी उतरली होती. पाय अजून गारच होते. अंगद ते दोन्ही तळहातांत धरून बसला होता. बिरू खाटेशेजारी भुईवर, थेंब पडतोय का ते बघत. अंगदचा मोबाईल थरथरला.

"रक्तपेढीचं हाय का काय? वाच की," बिरू म्हणाला.

अंगदने एका हाताने मोबाईल धरला. आवाज आपोआप माईकवरचा लागला.

"महोदय, सदर पिशवी माननीयांच्या शुभहस्ते उद्घाटन होण्यापूर्वी भरण्यात आल्याने मंडळास ग्राह्य धरता येत नाही. तरी आपल्या रुग्णाने ती छायाचित्रणासाठी आजच्या आज, भरलेल्या स्थितीत, मंडळाकडे परत करावी, ही नम्र विनंती."