ताऱ्याची खूण

वाचनालयाच्या संगणकखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्चीवर खूणबुवा बसले होते आणि मागे चाळीसएक माणसं श्वास रोखून पडद्याकडे बघत होती.

"हरवलंय कोण?" बुवांनी विचारलं.

"माझे वडील, अण्णा," शिंपीणबाई म्हणाली. "घड्याळं दुरुस्त करायचे. हल्ली विसरायला लागले होते. दूध आणायला म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत."

"अंगावर खूण?"

"उजव्या हाताला सहा बोटं."

बुवांनी डोळे मिटून ओठ हलवले. मग 'उ' टाइप केला आणि त्याला लागून तारा, कळफलकावर आठाच्या डोक्यावर असतो तो. पडद्यावर आकडा आला. चारशे बारा.

"चारशे बारा ठिकाणी खूण जागी झाली," बुवा म्हणाले. "माणूस जिवंत आहे. आपल्या पायांनी घरी येईल. नोंदी मात्र उघडून बघायच्या नाहीत. नजर पडली की खूण विझते."

शिंपीणबाई त्यांच्या पाया पडली. बुवा कुणाकडून काही घेत नसत, फक्त पाया पडून घेत. म्हणून तर लोकांचा विश्वास बसला. फुकटात फसवणारा माणूस असतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मी त्या खोलीचा कारकून. 'हरवले-सापडले' ही सगळ्यांना खुली असलेली सामायिक नोंदवही आमच्या संगणकावर दिसायची. घरचे लोक, दवाखाने, निवारागृहं, कुणीही तिच्यात नोंद करायची आणि माणूस ओळखू येईल असे टॅग द्यायचे. दोन नोंदींचे टॅग अक्षराला अक्षर जुळले, की दोन्हीकडे निरोप जायचा. बुवांनी आमच्याकडे प्रत्येक टॅगच्या शेवटी तारा लावायची प्रथा पाडली. बिनताऱ्याची नोंद म्हणे मुकी राहते. शिंपीणबाईच्या 'उजव्या हाताला सहा बोटं' या टॅगलाही तारा लागला.

शोधताना तारा टाकला की त्याचा अर्थ 'पुढे काहीही चालेल' एवढाच होतो, हे मला माहीत होतं. 'उ' आणि तारा म्हणजे उंच, उजवा पाय अधू, उसवलेला सदरा, झाडून सगळे. पण मी बोललो नाही. बाई किती दिवसांनी हसली होती. तिच्या तोंडचा घास आपण कशाला काढायचा, असं वाटलं.

त्याच आठवड्यात नोंदवही सांभाळणाऱ्या बाईंचं पत्र आलं. टॅगच्या नावात यापुढे फक्त अक्षरं, अंक आणि मोकळी जागा चालेल. तारे, फुल्या, तिरक्या रेघा बंद. जुन्या टॅगमधूनही ही चिन्हं काढून टाकणार. हरकत असल्यास कळवावी.

"आपल्या खुणेवर उठलेत हे," बुवा म्हणाले. "ताराच पुसला तर माणसं परत कशी यायची?"

दोनशे सह्यांचा अर्ज तयार झाला. शिंपीणबाईनं तो माझ्यापुढे धरला. "दादा, तुम्हीपण करा."

मी सही केली.

पत्रवाल्या बाईंचा मला फोन आला. "तुम्ही तरी समजावा त्यांना. ताऱ्याचा टॅग आणि बिनताऱ्याचा टॅग यंत्राला वेगळे वाटतात. ते कधीच जुळणार नाहीत."

"लोकांची श्रद्धा आहे," मी म्हणालो. "थोडं थांबा."

नियम दोन महिने लांबला. अखेर लागू झाला त्या दिवशी सकाळी दहालाच निरोप आला. तारा निघताच नोंद जुळली होती. बसनं दोन तासांवरचा सरकारी दवाखाना. शिंपीणबाईनं अण्णांचा धुतलेला सदरा पिशवीत घेतला. मी सोबत गेलो.

"ते वारले, त्याला बावीस दिवस झाले," नर्स म्हणाली. "आम्ही तर तीन महिन्यांपूर्वी, ते आल्याआल्या नोंद केली होती. तुम्ही केली नव्हती का?"

"केली होती," शिंपीणबाई म्हणाली. "तारा लावून."

नर्सला काही कळलं नाही. "वॉर्डातलं बंद घड्याळ त्यांनी चालू केलं. स्वतःचं नाव आठवत नव्हतं, पण मुलगी हातातली शिवण संपवून येईल, असं रोज सांगायचे."

परतीच्या बसमध्ये तिनं सदऱ्याची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "दादा, ताऱ्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ती उठली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी खोली नेहमीसारखी भरली होती. शिंपीणबाई सरळ जाऊन संगणकासमोरच्या खुर्चीवर बसली.

"बुवा, आमच्या घरात 'ब'वरून कुठली खूण असलेलं कुणी हरवलेलं नाही," ती म्हणाली आणि तिनं 'ब' आणि तारा टाकला. तीनशे ऐंशी. मग अक्षर पुसून नुसताच तारा ठेवला. अकरा हजार.

"हे सगळे माझे अण्णा का?"

"शंका आली की खूण उलटते," बुवा म्हणाले.

"माझे अण्णा त्या चारशे बारांत होते. एक-एक नोंद उघडली असती, तर संध्याकाळपर्यंत सापडले असते. तुम्ही बघू नका म्हणालात. मी बघितलं नाही."

बुवा चपला शोधू लागले. त्यांना कुणी अडवलं नाही. मागे एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "मग आमच्या मुलाची नोंद?"

तेव्हा मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ताऱ्याचा अर्थ, माझी सही, माझं गप्प बसणं. त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. आपलं माणूस हरवलं, तर साध्या अक्षरांत लिहा, दुसऱ्याला वाचता येईल असं. कुणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रयोग भलत्याच अक्षरावर स्वतः करून बघा. बघू नका म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आणि युक्ती कळली असेल, तर त्याच दिवशी बोला. समोरचा माणूस रडेल, रागावेल. तरी बोला. शिंपीणबाई त्या दिवशी रडली असती, पण अण्णांना भेटली असती.