शिंगांपुढची जागा

चंपतराव भोयर तपासणीला उभे राहिले की गाडीपेक्षा मालकालाच घाम फुटायचा. त्या काळी नागपुरात मोटार निरीक्षक म्हटला की चहा पिऊन सही ठोकणारा माणूस लोकांच्या डोळ्यांपुढे यायचा. चहा चंपतरावही प्यायचे, पण आधी मालकाला उतारावर न्यायचे.

कार्यालयामागच्या मैदानाच्या कडेला मुरमाचा उतार होता आणि त्याच्या पायथ्याशी चुन्याची रेघ. ड्रायव्हरनं गाडी वरून आणायची आणि रेघेवर थांबवायची, इथवर सरकारी काम. पुढचं चंपतरावांचं. रेघेपलीकडे, गाडीच्या तोंडासमोर, मालकानं उभं राहायचं. शेजारी ते स्वतः उभे राहत. ही रीत त्यांनी गावाकडच्या बैलबाजारातून उचलली होती. बैल मारका नाही असं म्हणणाऱ्याला तिथे आधी त्याच्या शिंगांपुढे मांडी घालून बसावं लागे. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला बैल काय आणि बस काय! मालक मनातल्या मनात शिव्या घालत, पण तपासणीला येण्याआधी ब्रेक नीट करून घेत. आणखी काय पाहिजे होतं?

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ताराचंदशेठची बस आली. शेठचं इतवारीत भांड्यांचं मोठं दुकान आणि ओळखी थेट वरपर्यंत. शाळा उघडल्या की ही बस कन्हानची पोरं नागपूरच्या शाळेत आणणार होती. पिवळाधमक रंग, पुढे लिंबू-मिरची, त्यावर झेंडूचा हार. चंपतरावांनी बसला एक फेरी मारली आणि म्हणाले, "चला शेठ, उतारावर."

शेठ हसले. "अरे भोयरसाहब, उसमें क्या! मेरा आदमी खडा रहेगा."

"आदमी नाही चालत. मालक पाहिजे. मी आहो ना तुमच्या बाजूले."

शेठचं हसू मावळलं. ते उतारावर गेले नाहीत, तरातरा मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तेवढ्यात बसचा ड्रायव्हर देवराव चंपतरावांजवळ सरकला. तोही कन्हानचाच. हळूच म्हणाला, "साहेब, दोन-तीनदा पाय मारल्याशिवाय थांबतच नाही जी हे. माही पोरगी बी याच बसनं येणार हाये."

चंपतरावांना आत बोलावणं आलं. शेठ पंख्याखाली बसले होते.

"भोयर, मालकाला गाडीपुढे उभं करायचं, असं कोणत्या नियमात लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"कुठंच नाही, साहेब."

"मग सही करा आणि मोकळे व्हा."

"करतो ना. शेठ येत नसतील तर तुम्ही या त्यांच्या जागी. बस थांबली की तिथंच सही करतो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "सिरोंच्याच्या तपासणी नाक्यावरची जागा रिकामी आहे, माहीत आहे ना?"

चंपतराव घाबरले, खोटं कशाला बोला! सिरोंचा म्हणजे राज्याचं पार शेवटचं टोक. जंगल, हिवताप, आणि इकडे मुलगी मॅट्रिकला. पण भीतीपेक्षा राग वरचढ ठरला. "नाक्यावर उतार नसंल साहेब," ते म्हणाले, "पण मी शोधून काढीन." आणि बाहेर पडले.

बदलीचा हुकूम यायला वेळ लागला नाही.

"सही करून मोकळे काहून नाही झाले जी?" घरी त्यांच्या पत्नी शामलाबाईंनी विचारलं. नवऱ्याच्या नोकरीपायी त्यांनी आजवर किती गावांत संसार मांडला आणि मोडला, त्याचा हिशेब त्यांनी कधीच सोडून दिला होता. चंपतरावांनी देवरावच्या पोरीचं सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "पोरगी राहीन माझ्या भावाकडं. आपण जाऊ. सिरोंच्याले का माणसं राहत नाहीत?" आणि माळ्यावरची ट्रंक त्यांनी दाणकन खाली ओढली.

चार्ज देऊन चंपतराव बाहेर आले तेव्हा मैदानात तीच पिवळी बस उभी होती. आज साहेब स्वतः पास करणार होते. उताराच्या पायथ्याची रेघ कोणीतरी पुसून टाकली होती.

"देवराव, ला नीचे!" शेठ ओरडले.

देवराव गाडीत चढलाच नाही. त्यानं किल्ली बॉनेटवर ठेवली. "समोर कोण उभं राहून राहिलं?"

"कोणी नाही. ती पद्धत बंद," साहेब म्हणाले.

"मंग मी बी बंद."

"नौकरी से निकाल दूंगा!"

"काढा."

तपासणीसाठी रांगेत थांबलेल्या ट्रकांमधून ड्रायव्हर एकेक करून खाली उतरले. शेठनं त्यांच्याकडे पाहिलं, पण किल्लीला कोणी हात लावला नाही. एकानं खिशातून तंबाखूत मळायच्या चुन्याची डबी काढली आणि खाली बसून बोटानं रेघ ओढायला लागला. त्याची डबी संपली तशी दुसऱ्यानं आपली उघडली. रेघ वाकडीतिकडी झाली, पण दिसायला लागली.

 आता इथे चंपतरावांवर कुणाचा हुकूम चालत नव्हता. ते सरळ चालत गेले, रेघेपलीकडे आपल्या जागी उभे राहिले आणि शेजारी हात दाखवून म्हणाले, "या शेठ. साहेब, तुम्ही बी या. दोघांले जागा आहे."

 साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते केबिनकडे वळले. शेठनं त्या उताराकडे पाहिलं. शेवटी पुटपुटले, "गॅरेज ले चल."

देवरावनं किल्ली उचलली. "नेतो ना, मालक. तुम्ही फक्त पुढं पुढं चाला."

सगळं मैदान हसलं. शेठनं बस ओढून न्यायला एक ट्रक सांगितला. बस फाटकाबाहेर गेली तेव्हाच चंपतरावांनी ती जागा सोडली, आणि ट्रंक बांधायला घरी निघाले.