दोरी म्हणजे एचआर

नवख्यांना वेबसाइट बनवायला शिकवणं हा त्याचा धंदा. एचटीएमएलचे टॅग, म्हणजे पानावर कुठे काय मांडायचं हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या खुणा, तो घरातल्याच वस्तू दाखवून समजवायचा. पक्षाघाताच्या झटक्यातून तो वाचला, पण वस्तूंची नावं डोक्यातून साफ पुसली गेली. उरले ते टॅग.

बायको शिवणकाम करणारी. तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो न्हाणीघरातून "एचआर! एचआर!" ओरडला, तेव्हा ऑफिसातलं कुणी आलं असेल म्हणून ती पदर सावरत दाराकडे धावली. "टेबल" म्हणाला, तर तिने जेवणाचं टेबल ओढत पलंगापाशी आणलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी तिने नणंदेला बोलावलं. ती भावाच्याच हाताखाली शिकलेली.

"अगं वहिनी, एचआर म्हणजे आडवी रेघ. कपडे वाळत घालायची दोरी! टॉवेल हवा होता त्याला. आणि टेबल म्हणजे ओळी नि रकाने. ती गोळ्यांची डबी बघ, कप्पे कप्पे."

मग वहिनीने ध्यासच घेतला. आरसा ही इमेज, समोरच्या दुकानाची पाटी हे हेडिंग. एकाखाली एक लावलेली दोऱ्यांची रिळं दाखवून तिने विचारलं, "ही लिस्ट ना?" झटक्यानंतर तो पहिल्यांदा हसला. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसला.

हे ऐकून बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई मात्र गंभीर झाल्या. "तुम्हीच त्यांची भाषा शिकलात, तर ते आपल्या भाषेत परत कशाला येतील? कळलं तरी न कळल्यासारखं करा."

दुसऱ्या दिवशी त्याने रिकामा ग्लास पुढे केला. "इनपुट."

इनपुट म्हणजे काहीतरी भरायची रिकामी जागा. तिला लख्ख कळलं.

"काय हवंय? मला नाही कळत."

त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं. तिला कळलंय, हे त्याला कळलं होतं. ग्लास खाली ठेवून तो भिंतीकडे तोंड करून पडला. ती मशीन चालवत बसली. सुईत दोरा नाही, हे बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं.

संध्याकाळी कोरड्या घशातून शब्द आला. "पा... णी."

ती धावली, अर्धं पाणी वाटेतच सांडलं. "शाब्बास! बघ, आलं की नाही?" तो पाणी प्यायला आणि त्याने मान फिरवली.

हळूहळू बाकीचे शब्दही आले. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पण बायकोशी त्याचं बोलणं कामापुरतंच राहिलं. नणंद आली की मात्र बहीणभावाची टॅगांमध्ये थट्टामस्करी रंगायची.

एकदा दोघं खिडकीपाशी पोट धरून हसत होती. ती हातातलं शिवण तसंच घेऊन आली. "काय झालं? मलाही सांगा ना."

त्याचं हसू विझलं.

"काही नाही," तो म्हणाला. दोन्ही शब्द अगदी स्वच्छ होते.