चिमणीच्या टाळ्या

वर्गात टॅबलेट कमी आणि मुलं जास्त, म्हणून बाईंनी हुशार मुलाशेजारी कच्चं मूल बसवून जोड्या लावल्या. खेळ अपूर्णांकांचा होता. अस्वलाला केकचा बरोबर वाटा दिला, की पडद्यावर चांदण्या उधळायच्या. वर्षभर वर्ग टाळ्यांनी दणाणत होता आणि बाई हरखून जात होत्या.

वर्षाअखेर खेळातल्या गुणांवर प्रत्येक जोडी पास झाली. त्या आनंदात बाईंनी कच्च्या मुलांतल्या चिमणीच्या हाती कागद दिला. “याचा पाव भाग फाडून दे गं, बाळा.”

चिमणीने तो मधोमध फाडला.

“अगं, हा अर्धा झाला! खेळात तर तुझं कधी चुकलं नाही.”

“खेळायची माझी जोडीदारीण, बाई. ती म्हणायची, तू रेंगाळतेस, चांदण्या जातात. तू आपली टाळ्या वाजव.”

बाई तशाच मुख्याध्यापिकांकडे धावल्या. “चिमणीला साधा पाव भागही येत नाही. तिला सुट्टीत माझ्याकडे शिकायला येऊ द्या.”

“म्हणजे निकाल खोटा होता, असं जगाला सांगायचं? गप्प बसा, बाई. उद्या तुमचा सत्कार आहे.”

आणि बाई गप्प बसल्या.

सत्काराला चिमणी पहिल्याच रांगेत होती. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या, तरी तिच्या थांबेनात. बाईंनी वर्षभर तिला तेवढंच तर शिकवलं होतं.